नियमात घर असते का?

दृश्य प्रोग्रामिंग म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना ओळींत न लिहिता चित्रात मांडणे. पडद्यावर छोटे चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोन एकच काम करतो. कोणी संख्या देतो, कोणी गुणाकार करतो, कोणी बिंदू मांडतो, कोणी दोन बिंदूंमध्ये रेषा ओढतो. या चौकोनाला नोड म्हणतात. त्याच्या डाव्या बाजूने माहिती आत जाते, उजव्या बाजूने निकाल बाहेर पडतो. एकाचा निकाल तारेने दुसऱ्याला जोडत गेले की एक जाळे तयार होते, तोच ग्राफ. इमारतीचे आराखडे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा ग्राफ भिंत, खांब, वासा, खिडकी यांना एका नियमात बांधतो. घर हाताने काढले जात नाही. घर कसे काढायचे हे लिहून ठेवले जाते आणि घर त्यातून निघते.

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली एमआयटीत ‘स्केचपॅड’ ही पडद्यावर रेखाटण्याची प्रणाली प्रबंधात मांडली. दोन रेषा समांतरच राहाव्यात असे बंधन तीत घालता येत होते. तीन वर्षांनी त्यांचे बंधू विल्यम सदरलंड यांनी त्याच संस्थेत, प्रोग्रामच चित्रात काढण्याच्या पद्धतीवर प्रबंध लिहिला. वास्तुरचनाकारांच्या रोजच्या कामात ती आली २००७ नंतर, डेव्हिड रटन यांनी रायनो या सॉफ्टवेअरसाठी ग्रासहॉपर तयार केल्यावर. इयन कीओ यांनी सुरू केलेला तशाच प्रकारचा डायनॅमो पुढे ऑटोडेस्क कंपनीच्या रेव्हिट या इमारतींच्या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरशी जोडला गेला, आणि रेव्हिटच्या २०२० च्या आवृत्तीपासून तो रेव्हिटसोबतच संगणकावर बसतो.

पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्याच्या पश्चिमेकडे, जिथे पाऊस सह्याद्रीच्या धारेवरून थेट अंगावर येतो, तिथल्या एका कौलारू घराचे छप्पर अशा ग्राफमध्ये मांडले आहे असे धरावे. घराची लांबी, रुंदी, पाख्याचा उतार आणि दोन वाशांमधले अंतर, असे चार आकडे सरकत्या पट्टीवर, म्हणजे स्लायडरवर आहेत. उताराची पट्टी सरकवली की आढे वर चढते, वासे लांब होतात, रिपांची संख्या बदलते. एका मिनिटात पन्नास छपरे डोळ्यांसमोरून जातात. ही पन्नास छपरे आली कुठून? ती त्या नियमात आधीच होती, की दर वेळी नव्याने निर्माण झाली?

हा प्रश्न संगणकाने विचारायला लावला असला तरी भारतीय दर्शनांत तो फार जुना आहे. कार्य हे कारणात आधीपासून असते, असे सांख्य म्हणतात. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत या सत्कार्यवादाची पाच कारणे दिली आहेत, आणि त्यांचा आशय समजावताना परंपरेने तिळाचे उदाहरण जवळ केले. तीळ दाबले की तेल निघते. वाळू कितीही दाबली तरी निघत नाही. जे मुळात नाही ते कोणत्याही खटपटीने उत्पन्न होत नाही. न्याय आणि वैशेषिक दर्शने याला हरकत घेतात. त्यांच्या मते वस्त्र धाग्यांत नसते. धागे जुळण्यापूर्वी वस्त्र नव्हते आणि जुळल्यावर एक नवी वस्तू अस्तित्वात आली; थंडीत सुटे धागे अंगावर पांघरता येत नाहीत, वस्त्र येते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात याच उदाहरणावर तीन कारणांचा विचार उभा आहे. धागे हे समवायी कारण, धाग्यांचा संयोग हे असमवायी कारण, आणि विणायची साधने वगैरे हे निमित्त कारण.

ग्राफकडे या दृष्टीने पाहिले की वाद एकदम हाताशी येतो. तो तपासायला आपल्याच वास्तुशास्त्रातले एक गणित उपयोगी आहे. मानसार या ग्रंथाच्या परंपरेत ‘आयादि’ नावाची पडताळणी आहे. वास्तूच्या लांबीला ८ ने गुणून १२ ने भागायचे. उरलेली बाकी म्हणजे आय. रुंदीला ९ ने गुणून १० ने भागायचे. बाकी म्हणजे व्यय. आय व्ययापेक्षा जास्त असेल तर माप चांगले. या गणिताने घरात समृद्धी येते की नाही, हा श्रद्धेचा भाग आहे आणि त्याला पुरावा नाही. पण नियम म्हणून ते अत्यंत स्वच्छ आहे: दोन गुणाकार, दोन भागाकार, एक तुलना. डायनॅमो किंवा ग्रासहॉपरमध्ये पाच-सात नोड जोडले की ते पूर्ण होते. लांबी ११ हात आणि रुंदी ७ हात घेतली तर आय ४ आणि व्यय ३ येतो, माप चालते. रुंदी ५ केली की व्यय ५ होतो आणि माप पडते. लांबी १० करून रुंदी ५ च ठेवली तर आय ८ होतो आणि माप पुन्हा चालते.

आता लांबीची पट्टी ९ पासून पुढे एकेक हात सरकवावी. आय येतो ०, ८, ४, ०, ८, ४. कितीही पुढे गेले तरी हेच तीन आकडे फिरून येतात. भाजक १२ आहे म्हणून बाकी ० ते ११ यांपैकी काहीही येईल असे वाचणाऱ्याला वाटते, पण ८ आणि १२ या दोन्हींना ४ ने भाग जात असल्यामुळे तसे होऊच शकत नाही. नियम सांगणाऱ्या ओळीत ही गोष्ट कुठेही लिहिलेली नाही. तरीही ती पहिल्या दिवसापासून त्या नियमात होती. पट्टी सरकवल्याने ती निर्माण झाली नाही, उघडी पडली. इथे सांख्यांचा तीळ शब्दशः खरा ठरतो.

पण याच ठिकाणी दुसरी गोष्टही दिसते. लांबी ९, १२ किंवा १५ हात असेल तर बाकी शून्य येते. शून्य म्हणजे आय मुळीच नाही, की पूर्ण बारा? माणसाने ग्रंथ वाचताना हे गुरूला किंवा स्थपतीला विचारले असते आणि उत्तर परंपरेतून मिळाले असते. संगणक विचारत नाही. तो शून्याला शून्य धरतो, तुलना करतो आणि माप पडले असे सांगून मोकळा होतो. दर तीन लांब्यांमागे एकीचा निकाल ज्या निर्णयावर अवलंबून आहे, तो निर्णय नियमाच्या आत नाही. तो बाहेरून आणावा लागतो. एकदा तो आणून ग्राफमध्ये जोडला की जे उभे राहते ते आधीच्या ग्राफपेक्षा वेगळे असते. म्हणजे ग्राफच्या निकालांपुरते सांख्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ग्राफ रचण्यापुरते नैयायिकांचे. जे बाहेर येते ते आत घातलेलेच असते, पण आत काय घालायचे हे ग्राफ कधीच सांगत नाही.

म्हणून दृश्य प्रोग्रामिंग शिकण्यातला खरा प्रश्न पहिला नोड ठेवण्याच्या आधीचा आहे. शिकणाऱ्याजवळ शिकण्यापूर्वीच काय असले पाहिजे?

शास्त्रकारांनी या प्रश्नाला मोठा मान दिला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांची आणि बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांची सुरुवात एकाच शब्दाने होते: ‘अथ’, म्हणजे ‘आता’ किंवा ‘यानंतर’. कशानंतर, यावर भाष्यकारांनी पानेच्या पाने लिहिली. शबरस्वामींच्या मते वेदाध्ययनानंतर. शंकराचार्यांच्या मते नित्य-अनित्याचा विवेक, फळाविषयी वैराग्य, शम-दमादी संपत्ती आणि मुमुक्षुत्व ही चार साधने अंगी आल्यानंतर. शिवाय कोणत्याही शास्त्राच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्यात असा संकेत रूढ झाला: विषय कोणता, प्रयोजन काय, ग्रंथाचा विषयाशी संबंध कसा, आणि अधिकारी कोण. यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात. सॉफ्टवेअर शिकवणारी बहुतेक पुस्तके विषयापासून सुरू होतात आणि विषयावरच संपतात. उरलेल्या तिघांची विचारपूसच होत नाही, आणि शिकणारा महिनाभरात थांबतो तो बहुधा या तिघांपैकी एखाद्यावर अडूनच.

अधिकार या शब्दाचा इतिहास मात्र लपवण्याजोगा नाही. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात अपशूद्राधिकरण आहे आणि त्यात शूद्रांना वेदाधारित ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला आहे. तयारी या अर्थाचा शब्द जन्माच्या दाराशी बांधला गेला आणि शतकानुशतके लाखो माणसे बाहेर राहिली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत उतरला तेव्हा त्या दाराला मोठा धक्का बसला. अधिकाराचे हे दोन अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत. आत येऊ देणे हा एक अर्थ, आणि आत आल्यावर उभे राहता येण्याइतकी तयारी हा दुसरा. पहिला अडसर अन्याय आहे. दुसरा नैसर्गिक आहे; तो ज्याने त्याने कष्टाने ओलांडायचा असतो.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांत (वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे) पहिला अडसर आजही आहे आणि त्याचे रूप वेगळे आहे. तो यंत्राचा, परवान्याच्या किमतीचा आणि इंग्रजीचा आहे. रेव्हिट महाग आहे. पात्र विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क ते शिकण्यापुरते विनामूल्य देते, म्हणून महाविद्यालयात नाव असलेल्याने आधी तो मार्ग पाहावा. धांगवडीला राजगड ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. भोर-नसरापूर भागातल्या मुलाला त्यासाठी पुण्याला राहायची गरज नाही. डायनॅमोचा मूळ प्रोग्राम मुक्त आहे आणि ‘सँडबॉक्स’ या रूपात एकटाही चालतो, पण आकार काढणारे नोड चालायला ऑटोडेस्कचे एखादे सॉफ्टवेअर संगणकावर लागते, हे आधी माहीत नसले की फसगत होते. ज्याच्याजवळ यातले काहीच नाही त्याने ब्लेंडर घ्यावे. ते पूर्णपणे विनामूल्य आहे आणि २०२१ पासून त्यात ‘जॉमेट्री नोड्स’ आहेत. इमारतीच्या कामासाठी ते रेव्हिटची जागा घेत नाही, पण नियमातून आकार कसा निघतो हे शिकायला पुरेसे आहे.

इंग्रजीचा अडसर वाटतो तेवढा उंच नाही. नोडची नावे इंग्रजीत असली तरी रोज लागणारे नोड मोजकेच असतात, आणि ग्राफमध्ये टिपा मराठीत लिहिता येतात. प्रत्येक गटावर ‘आढ्याचे बिंदू’, ‘डावे पाखे’, ‘वासे’ असे लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी तोच ग्राफ उघडल्यावर त्या दोन शब्दांची किंमत कळते.

यंत्राची मांडामांड थोडक्यात सांगता येते. रेव्हिट आणि डायनॅमो विंडोजवरच चालतात. १६ जीबी रॅम असावी आणि चाकाचा माऊस असावा. लॅपटॉपच्या टचपॅडवर बोट घासून तारा जोडणे हा छळ आहे. इंटरनेट आणि वीज सलग मिळेल असा दिवस पाहून डाऊनलोड एकदाच पुरे करावे. नंतर तीन गोष्टी नक्की कराव्यात. पहिली एककाची. डायनॅमो आकड्याला स्वतः एकक लावत नाही, रेव्हिटच्या फाइलचे एकक धरून चालतो. फाइल मिलिमीटरमध्ये असेल आणि मनात मीटर धरून ३ लिहिले तर मुंगीएवढी भिंत उभी राहते. दुसरी कोनाची. डायनॅमोचे त्रिकोणमितीचे नोड अंश घेतात, ग्रासहॉपरचे रेडियन. तिसरी ग्राफ चालवण्याची. सुरुवातीला ‘ऑटोमॅटिक’ बंद करून ‘मॅन्युअल’ ठेवावे, म्हणजे अर्धवट जोडलेला ग्राफ फाइलमध्ये पसारा करणार नाही. शंकराचार्यांच्या शम-दमाला या कामात काही जागा असेल तर ती इथे आहे. तार जोडल्याबरोबर निकाल पाहण्याची घाई आवरायची.

चूक असली की नोड पिवळा होतो आणि सूचना देतो, यावर नवा शिकणारा फार विसंबतो. पण पिवळा रंग व्याकरणाच्या चुकीला येतो, अर्थाच्या चुकीला येत नाही. हे वाशांच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

घर ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद. आढे मधोमध. उतार ३० अंश. मग आढ्यापासून भिंतीपर्यंतचे आडवे अंतर ३ मीटर, आढ्याचा चढ सुमारे १.७३ मीटर आणि वाशाची लांबी सुमारे ३.४६ मीटर. उतार ३५ अंश केला की वासा ३.६६ मीटर होतो. आतापर्यंत सगळे त्रिकोणमितीचे आहे आणि संगणक ते चुकत नाही. दोन वाशांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर ठेवायचे ठरले. ९ ला ०.६ ने भागले की १५ येतात. ग्राफ १५ वासे मांडतो. एकही नोड पिवळा होत नाही. आणि घराच्या एका टोकाला वासा नसतो. पंधरा हे गाळे आहेत. वासे सोळा लागतात. गावातल्या कोणत्याही सुताराला हे सांगावे लागत नाही, कारण त्याने शेवटचा वासा हाताने ठोकलेला असतो. घर ९.२ मीटर निघाले तर भागाकार पंधरा पूर्णांक काहीतरी येतो. तिथे गाळे थोडे आवळायचे, की शेवटचा गाळा लहान ठेवायचा, की वासे भिंतीबाहेर न्यायचे, हा निर्णय पुन्हा आयादितल्या शून्यासारखा आहे. तो नियमाला बाहेरून द्यावा लागतो.

पुढची पायरी जोडणीची. खाली भिंतीवर सोळा बिंदू, वर आढ्यावर सोळा बिंदू. दोन्ही याद्या रेषेच्या नोडला जोडल्या. पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असे जुळले तर सोळा वासे होतात. पण जुळणीची पद्धत ‘क्रॉस प्रॉडक्ट’ निवडली गेली तर प्रत्येक खालचा बिंदू प्रत्येक वरच्या बिंदूशी जोडला जातो आणि २५६ रेषांचे कोळिष्टक तयार होते. नैयायिकांचे असमवायी कारण समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. बिंदू तेच, रेषेचा नोड तोच. फक्त संयोगाची रीत बदलली आणि छप्पर गेले.

यावरून अधिकाऱ्याजवळ काय हवे ते ठरवता येते. त्याला रेव्हिट येत असले पाहिजे, निदान भिंत, छप्पर, फॅमिली आणि पॅरामीटर म्हणजे काय एवढे तरी. त्याला शाळेतली भूमिती आणि त्रिकोणमिती न घाबरता वापरता आली पाहिजे. ग्राफ आधी कागदावर काढायची सवय हवी. कागदावर न जुळणारी गोष्ट पडद्यावर जुळत नाही. आणि या सगळ्यांहून आधी, ज्या वस्तूचा नियम लिहायचा ती त्याने पाहिलेली, मोजलेली असली पाहिजे. ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि दोरी ही गवंड्याची साधने ज्याने एकदाही हातात धरली नाहीत, त्याला भिंत ‘सरळ’ आहे याचा अर्थ कळायला उशीर लागतो. पडद्यावरची भिंत नेहमीच सरळ असते.

दिलेली गोष्ट आणि ठरवलेली गोष्ट यांतला फरक शिकायला राजगड किल्ल्याएवढी चांगली जागा या भागात दुसरी नाही. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या बालेकिल्ल्यापासून तीन दिशांना गेल्या आहेत. संजीवनी माची एका अरुंद सोंडेवर टप्प्याटप्प्याने उतरत जाते आणि तिला दुहेरी तटबंदी आहे. तटाची रेषा कागदावरच्या कोणत्याही चौकटीतून आलेली नाही. डोंगराच्या धारेने ती आधीच देऊन ठेवली होती. बांधणाऱ्याने ठरवले ते दोन तटांमधले अंतर, उंची, बुरुजांच्या जागा. हा तट ग्राफमध्ये मांडायचा तर पहिली माहिती म्हणून डोंगराची वक्ररेषाच द्यावी लागेल. ती स्लायडरवर येत नाही. तोरण्याच्या झुंजार माचीचेही तसेच आहे. उलट नसरापूरच्या बनेश्वरासारख्या देवळात मापांचे प्रमाण पुष्कळसे ठरवून येते आणि नियम जास्त बोलतो. घर या दोहोंच्या मधे कुठेतरी असते. जोत्याखालची जमीन, पावसाची दिशा आणि भावकीने सोडलेली बोळाची रुंदी या गोष्टी दिलेल्या; उतार, गाळा आणि ओसरीची खोली या ठरवायच्या. दिलेल्याला ठरवलेले समजणे आणि ठरवायच्या गोष्टीला दिलेली समजणे, या दोन चुकांमुळे जितके ग्राफ फसतात तितके तारा चुकल्यामुळे फसत नाहीत.

नित्य आणि अनित्य यांचा विवेक शंकराचार्यांनी चार साधनांत पहिला ठेवला आहे. त्यांचा विषय ब्रह्म होता आणि इथला विषय छप्पर आहे, म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण सरकवता येते काय आणि सरकवता येत नाही काय, हे आधी ओळखण्याची शिस्त दोन्हीकडे सारखीच आहे, आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरसोबत बसत नाही.

भोर-वेल्ह्यातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला हे शिकायचे आहे, त्याच्या किंवा तिच्या गावात कौलारू घरे अजून उभी आहेत, पण त्यांच्या जागी स्लॅब येत आहे. पहिला ग्राफ गावातल्या अशाच एका घराचा करावा. टेप आणि ओळंबा घेऊन पावसाळ्याआधी एक दिवस काढावा, वासे मोजावेत, शेवटचा वासा कुठे ठोकला आहे ते पाहावे, आणि मोजायला जाताना गावातल्या जुन्या सुताराला सोबत न्यावे.